शुक्रवार चुकलेले सिनेमे

‘घाशीराम कोतवाल’ म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांपुढे नाटक उभं राहतं. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झालेला पहिला प्रयोग, रंगमंचावर डोलणारी ती माणसांची भिंत, भास्कर चंदावरकरांचं संगीत, डॉ. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस, एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलेलं नाटक आणि ते पुन्हा उभं करताना जन्माला आलेली थिएटर अकॅडमी. हा सगळा इतिहास या शहराला तोंडपाठ आहे. पण याच नावाचा, याच नानाचा आणि याच घाशीरामाचा एक मराठी सिनेमाही आहे, हे सांगितलं तर नाटकाचे कट्टर चाहतेसुद्धा क्षणभर थबकतात.

सिनेमा १९७६ चा. फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि तिच्यातर्फे तो केला. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना आठवतो, दूध संघ आठवतो. इथे कॅमेरा, ध्वनी, संकलन आणि दिग्दर्शन शिकलेली मुलं सहकारी तत्त्वावर सिनेमा काढत होती. दिग्दर्शक म्हणून चार नावं आहेत: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. पटकथा विजय तेंडुलकरांची. नाना म्हणून आगाशेच. घाशीरामाच्या भूमिकेत मात्र एक नवा, देवीचे वण असलेल्या चेहऱ्याचा नट होता. ओम पुरी यांचा तो पहिला चित्रपट. साल आणीबाणीचं होतं. सत्तेनं एक माणूस मोठा करायचा, वापरायचा आणि मग जमावाच्या हवाली करायचा, ही गोष्ट त्या वर्षी सांगायला धाडस लागत होतं.

हा सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. जवळजवळ चार दशकांनी तो पुन्हा पाहता आला, तो बर्लिनमुळे. तिथल्या ‘आर्सेनल’ या संस्थेच्या संग्रहात त्याची प्रिंट जपलेली होती. तिच्यावरून डिजिटल प्रत तयार झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात ती दाखवली गेली. पेशव्यांच्या पुण्याची गोष्ट, पुण्यात शिकलेल्या मुलांनी केलेली, पुण्याच्या नटांनी रंगवलेली. तिचं पुनरुज्जीवन मात्र सात समुद्रांपलीकडच्या एका संग्रहातून झालं.

सिनेमाच्या धंद्यात शुक्रवार हा निकालाचा दिवस. शुक्रवारी खेळ लागतो, रविवारपर्यंत तो ‘चालला’ की ‘पडला’ हे ठरतं आणि पुढच्या शुक्रवारी दुसरं पोस्टर चढतं. काही सिनेमांचा हा शुक्रवार चुकतो. काहींना तो मिळतच नाही. त्यातले बहुतेक पुसले जातात, पण थोडे असे निघतात की त्यांना दहा, वीस, तीस वर्षांनी आपला प्रेक्षक भेटतो. तो प्रेक्षक संख्येनं लहान असतो आणि चिवट असतो. अशा सिनेमांना जगभर ‘कल्ट’ म्हणतात. मराठीतही तोच शब्द रुळला आहे, पण आपल्याकडे ‘संप्रदाय’ हा जुना, नेमका शब्द आहे. संप्रदायात कुणी जाहिरात पाहून येत नाही. कुणीतरी बोट धरून नेतं. गेलेला माणूस परत येतो तो दुसऱ्याला सांगण्यासाठीच.

अमेरिकेत याची सुरुवात मध्यरात्रीच्या खेळांनी झाली. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरनं अलेहान्द्रो खोदोरोव्स्कीचा ‘एल तोपो’ रात्री बारा वाजता लावला. तोंडी बातमीवर तो महिनोनमहिने चालला. पुढे ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ आला. १९७५ मध्ये पडलेला हा सिनेमा मध्यरात्रीच्या खेळांत इतका रुजला की लोक पात्रांसारखे कपडे घालून येत आणि पडद्याला उत्तरं देत. पुण्यात रात्री बाराचे असे खेळ कुणी लावले नाहीत. इथला संप्रदाय एका रस्त्यावर वाढला.

तो लॉ कॉलेज रोड. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला डेक्कन आणि एरंडवण्याच्या गल्ल्या. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये इथे आली. ‘कुंकू’, ‘संत तुकाराम’, ‘माणूस’ इथेच झाले. ‘संत तुकाराम’ची वाहवा १९३७ मध्ये थेट व्हेनिसच्या महोत्सवात झाली. गुरुदत्त आणि देव आनंद ही दोन कोवळी पोरं चाळीसच्या दशकात इथेच भेटली. प्रभात बंद पडली, जागा सरकारनं घेतली आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रभातचे स्टुडिओ अजून उभे आहेत, शांतारामांच्या नावानं ओळखलं जाणारं तळं आहे आणि ‘विस्डम ट्री’ म्हणून प्रसिद्ध असलेलं आंब्याचं झाड आहे. त्या झाडाच्या पारावर ऋत्विक घटक बसत आणि मुलं भोवती जमत. घटक इथे उपप्राचार्य होते. काळ थोडा होता, पण मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम अशी मुलं त्या थोड्या काळात त्यांच्या हाताखालून गेली. स्वतः घटकांचे सिनेमे त्यांच्या हयातीत बहुतेक पडलेच. पडलेल्या सिनेमाचा माणूस शिक्षक म्हणून समोर बसलेला आहे आणि मुलं त्याचे शब्द झेलताहेत, हे दृश्य पुढच्या पिढ्यांना फार मोठा धीर देऊन गेलं असणार. जॉन अब्राहमनं तर १९८६ मध्ये केरळात ‘अम्मा अरियन’ हा सिनेमा लोकांकडून वर्गणी गोळा करून केला. गावोगाव सिनेमे दाखवायचे, पैसे जमवायचे आणि त्यातून आपला सिनेमा काढायचा.

याच रस्त्यावर १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि तिथे पी. के. नायर आले. त्रिवेंद्रममध्ये लहानपणी सिनेमाची तिकिटं जमवणारा हा मुलगा पुढे सिनेमेच जमवू लागला. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी बारा हजारांच्या आसपास चित्रपट गोळा केले होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळं आणि ‘कालिया मर्दन’ आज आपण पाहू शकतो ते त्यांच्यामुळे. आपल्या देशात हजारावर मूकपट झाले, त्यातले टिकलेले बोटांवर मोजता येतील. फिल्मवर चांदीचा थर असतो. खेळ संपला की जुनी रिळं चांदीसाठी गाळणाऱ्यांना विकली जात. आपला मूक इतिहास असा किलोच्या भावानं गेला.

नायर यांची काम करायची रीत अनेकांनी पाहिली आहे आणि शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या माहितीपटातही ती दिसते. अंधाऱ्या थिएटरात, हातात बारीक टॉर्च आणि वही. कोणत्या रिळात कोणतं दृश्य, याची नोंद. पुढे कुणी विद्यार्थी येऊन अमुक सिनेमातला तमुक प्रसंग पाहायचाय म्हणाला की ते थेट रिळाचा क्रमांक सांगत. मुलांनी रात्री उशिरा मागितलं तरी खेळ लावून देत. त्यांना सिनेमात चांगला-वाईट असा भेद मंजूर नव्हता. जपताना निवड करायची नाही, सगळं ठेवायचं, कारण उद्या काय मोलाचं ठरेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. ऑफबीट सिनेमा जगवणारं याहून उपयोगी धोरण दुसरं नसेल.

जपणं म्हणजे नेमकं काय, हे एकदा डोळ्यांपुढे आणायला हवं. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. दोन तासांचा सिनेमा म्हणजे जवळजवळ सव्वातीन किलोमीटर लांबीची पट्टी, गोल डब्यांत गुंडाळलेली. तिला उष्मा सोसत नाही, दमट हवा सोसत नाही. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि पट्टी आक्रसते. त्याआधीची नायट्रेटची फिल्म तर अतिज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ ला इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती त्यात गेल्या. तो दिवस या रस्त्यावरच्या माणसांना अजून सलतो.

नायर डबे सांभाळत होते, तेव्हा सतीश बहादूर डोळे तयार करत होते. आग्र्याहून आलेले हे प्राध्यापक ‘पथेर पांचाली’ शॉट-शॉट सुटा करून शिकवत. कॅमेरा इथे का थांबला, आवाज आधी का आला, दुर्गानं चोरलेल्या माळेचं पुढे काय होतं. त्यांनी आणि नायर यांनी मिळून उभा केलेला फिल्म ॲप्रिसिएशनचा उन्हाळी अभ्यासक्रम म्हणजे रसिकांची शाळा. मास्तर, डॉक्टर, बँकेतले लोक, नाटकवाले महिनाभर येऊन राहत, दिवसाला तीन-चार सिनेमे पाहत आणि आपापल्या गावी जाऊन फिल्म सोसायट्या काढत. संग्रहालय त्यांना १६ मिलिमीटरच्या प्रती पाठवी. कर्नाटकातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांच्या गावात के. व्ही. सुब्बण्णांनी अशाच प्रती नेऊन गावकऱ्यांना ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं, पुण्यात पुढे सतीश जकातदार आणि वीरेंद्र चित्राव यांचा आशय फिल्म क्लब उभा राहिला. संग्रहालयाच्या थिएटरात संध्याकाळी खुर्च्या धरून बसणारे जे निवृत्त गृहस्थ, कॉलेजची पोरं आणि पिशवी सांभाळत येणाऱ्या बाई दिसतात, ती या शाळेची तिसरी-चौथी पिढी आहे.

या रस्त्यानं दिलेला सर्वांत अवलिया सिनेमा म्हणजे ‘ओम दर-ब-दर’. त्याचा कर्ता कमल स्वरूप, म्हणजे ‘घाशीराम’च्या चार दिग्दर्शकांतलाच एक. अजमेरात वाढलेला, १९७४ मध्ये इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला. मधल्या काळात त्यानं रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’वर सहायकाचं कामही केलं. १९८८ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर त्यानं स्वतःचा सिनेमा पूर्ण केला.

गोष्ट सांगायला घ्यावी तर हातातून निसटते. अजमेरात ओम नावाचा मुलगा आहे. वडील सरकारी नोकरी सोडून ज्योतिष सांगतात. बहीण गायत्री, तिचा प्रियकर जगदीश, बंबईहून आलेली फूलकुमारी, पोटात हिरे असलेले बेडूक, पुष्करचं तळं आणि पाण्याखाली श्वास रोखून राहण्याची ओमची करामत. पुराण, जाहिरात, विज्ञानाचं पाठ्यपुस्तक, रेडिओ आणि गावगप्पा हे सगळं एकाच पातळीवर येतं आणि एकमेकांत मिसळतं. संवाद कमल यांचे अजमेरचे मित्र कुकू यांचे, संगीत रजत ढोलकियांचं. संवाद ऐकताना वाटतं की हिंदी भाषा तापात बडबडते आहे आणि त्या बडबडीत खरं बोलते आहे.

पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. गोंधळणं इथे चूक नाही. लहान गावातल्या पौगंडावस्थेतल्या मुलाच्या डोक्यात जग असंच शिरतं: देवाची गोष्ट, चंद्रावर गेलेला माणूस, बहिणीचं गुपित आणि सिनेमाचं पोस्टर, सगळं एकदम, क्रमवारी न लावता. कमल स्वरूपनं क्रमवारी लावायला नकार दिला, एवढंच त्याचं बंड. दुसऱ्यांदा पाहताना त्या गोंधळात ताल सापडतो. तिसऱ्यांदा पाहताना त्यातली व्याकूळता जाणवते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि मग माणूस मित्राला घरी बोलावून चौथ्यांदा पाहतो.

बर्लिनसह परदेशी महोत्सवांत तो गेला, १९८९ मध्ये त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. थिएटर मात्र मिळालं नाही. पंचवीस वर्षं हा सिनेमा व्हीएचएस कॅसेटवर जगला. कॅसेटवरून कॅसेट काढायची, प्रत्येक प्रतीत रंग आणखी उडायचे, आवाज आणखी घुमायचा. त्या धूसर प्रती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिल्या आणि होस्टेलच्या खोल्यांत दाटीवाटीनं पाहिल्या गेल्या. ‘देव डी’ मधल्या गाजलेल्या ‘इमोशनल अत्याचार’मागे याच सिनेमातल्या एका गाण्याची प्रेरणा असल्याचं अनुराग कश्यप यांनी सांगितलं आहे. लाखो तरुणांनी ज्या गाण्यावर ठेका धरला त्याचं मूळ एका प्रदर्शित न झालेल्या सिनेमात होतं.

१७ जानेवारी २०१४ ला, महामंडळानं प्रत स्वच्छ करून घेतल्यावर, ‘ओम दर-ब-दर’ पहिल्यांदा तिकीट लावून पडद्यावर आला. कॅसेटवर शेवाळलेला दिसणारा पुष्करचा घाट तेव्हा कुठे स्वच्छ दिसला.

आता १९८८ हेच साल दुसऱ्या बाजूनं पाहा. त्याच वर्षी ‘अशी ही बनवाबनवी’ आला. पुण्यातली भाड्याची खोली, घरमालकाचा जाच, बायकांच्या वेशात राहणारे दोघे आणि धनंजय माने. तो तुफान चालला आणि आजही मराठी घरांत त्यातले संवाद जेवणाच्या ताटावर फेकले जातात. म्हणजे संप्रदाय त्याचाही आहे. पण त्याला दूरदर्शन होतं, उपग्रह वाहिन्या होत्या, रविवारच्या दुपारी होत्या. ‘ओम’ला फक्त माणसं होती. दोन्ही सिनेमांवर जीव असलेले लोक पुण्यात भरपूर भेटतात आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. ते बरोबरच आहे. मनापासून हसवणारा सिनेमा आणि मनापासून चक्रावणारा सिनेमा यांत प्रेम वाटून घ्यावं लागत नाही.

हसणं आणि वेडेपणा दोन्ही एकत्र पाहायचं असेल तर ‘जाने भी दो यारों’ कडे जावं लागतं. कुंदन शाह १९७६ च्या सुमाराचे इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. सगळे गंभीर सिनेमे काढत असताना हा माणूस तिथे विनोदाच्या मागे लागला होता. त्यांचे काही मित्र शिक्षण संपवून हैदराबादला गेले आणि पोटासाठी फोटो स्टुडिओ चालवू लागले. त्यांच्या फजितीच्या कहाण्यांतून विनोद आणि सुधीर हे दोन फोटोग्राफर जन्मले. पात्रांची पूर्ण नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा, म्हणजे खुद्द मित्रांचीच. पैसे महामंडळाचे, सात लाखांच्या आत. विधु विनोद चोप्रांनी निर्मितीची व्यवस्था पाहिली आणि वेळ आली तेव्हा ते पडद्यावर दुःशासनही झाले. सिनेमात फोटोग्राफरच्या गळ्यात दिसणारा कॅमेरा नसीरुद्दीन शाहांचा स्वतःचा होता आणि चित्रीकरणादरम्यान तो चोरीला गेला. संपादक शोभा सेनच्या भूमिकेत आपल्या भक्ती बर्वे होत्या. ‘ती फुलराणी’मध्ये पाहिलेल्या भक्तीताई इथे किती थंडपणे माणसं वापरतात, हे मराठी प्रेक्षकानं मुद्दाम पाहावं.

त्यात एका बागेचं नाव ‘अंतोनिओनी पार्क’ आहे. मायकेलँजेलो अंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) मध्ये एक फोटोग्राफर बागेत काढलेला फोटो मोठा करत जातो आणि त्यात त्याला खून सापडतो. कुंदन शाहांनी तीच युक्ती उचलून बागेला त्या गुरूचं नाव दिलं. ज्यानं ‘ब्लो-अप’ पाहिलाय तो खुर्चीत एकटाच खुदकन हसतो, ज्यानं पाहिला नाही त्याचं काही अडत नाही. अशा खुणा ठेवायची सवय अंधाऱ्या थिएटरात बसून जगभरचे सिनेमे पाहिलेल्या माणसालाच लागते. ऑगस्ट १९८३ मध्ये सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा फार मोठा गाजावाजा झाला नाही. दूरदर्शननं तो घरोघर नेला आणि पुलाचं कंत्राट, पडलेला पूल आणि बळी गेलेले दोन निरपराध ही गोष्ट वर्तमानपत्र वाचताना लोकांना पुन्हापुन्हा आठवत राहिली. २०१२ मध्ये तो थिएटरांत पुन्हा लागला. शेवटाला हशा थांबतो तो प्रसंग प्रत्येक पिढीला तसाच लागतो. ७ ऑक्टोबर २०१७ ला कुंदन शाह गेले.

इन्स्टिट्यूटच्या फाटकाबाहेरही वेडी माणसं होती. नचिकेत आणि जयू पटवर्धन हे वास्तुविशारद दांपत्य. त्यांनी १९७९ मध्ये ‘२२ जून १८९७’ केला. शीर्षक म्हणजे तारीखच. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, प्लेगचा अधिकारी रँड आणि दबा धरलेले चापेकर बंधू. पटकथेत शंकर नाग यांचा हात होता. देशभक्तीपटाचा नेहमीचा ढोल यात वाजत नाही. चापेकरांची कर्मठ धार्मिकता, त्यांचा राग, घरातल्या बायकांचं मुकेपण आणि इंग्रजांची दडपशाही, सगळं समोर ठेवलं जातं. कुणाच्याही हातात फुलं दिलेली नाहीत. वास्तुविशारदांची नजर घरांच्या चौकटींत, अंधाऱ्या माजघरांत आणि कंदिलाच्या उजेडात दिसते. कलादिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळालं, राष्ट्रीय एकात्मतेसाठीचंही मिळालं. आज त्या गणेशखिंड रस्त्यावर दिवसभर वाहनांची रांग असते आणि तिथे अडकलेल्यांपैकी फार थोड्यांना हा सिनेमा ठाऊक आहे. मराठीतल्या ऐतिहासिक सिनेमांची आज जी लाट आली आहे, तिच्यातल्या प्रत्येक दिग्दर्शकानं तो एकदा शांतपणे पाहायला हवा, असं म्हटल्यावाचून राहवत नाही.

सुमित्रा भावे यांचं सिनेमाचं शिक्षण तर झालेलंच नव्हतं. त्या समाजकार्य शिकवत होत्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना जाणवलं की ज्यांच्याबद्दल अहवाल लिहायचा त्यांनाच तो वाचता येत नाही. मग १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. त्यांच्यासोबत सुनील सुकथनकर आले आणि पुढची तीन दशकं या जोडीनं पुण्यातून सिनेमे केले: ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’. संस्थेचं नाव ‘विचित्र निर्मिती’. भोवतीच्या सिनेमाच्या व्यवहाराशी ज्यांचं कधीच जमलं नाही त्यांनी स्वतःला दिलेलं हे नाव किती समर्पक होतं!

‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची गोष्ट सांगतो. अतुल कुलकर्णी यांच्या कारकिर्दीतलं ते अत्यंत अवघड आणि सुंदर काम. त्याच्या निर्मितीमागे कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था त्यांनी पुण्यात उभी केली होती. सिनेमातून गल्ला मिळावा ही त्यांची अपेक्षा नव्हती. एखाद्या घरात आजारी मुलाला कोंडून ठेवलं जातं, तिथला बाप हा सिनेमा पाहून दार उघडेल, ही होती. म्हणून ‘देवराई’ची तिकिटं किती खपली हा हिशेब फारसा कामाचा नाही.

आणि इथे पुन्हा ‘घाशीराम’चा नाना भेटतो. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, १९९७ ते २००२ या काळात फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. उतारवयात ते भावे-सुकथनकरांच्या सिनेमांचे निर्माते झाले. ‘अस्तु’ मध्ये विस्मरणाच्या आजारानं पोखरलेल्या संस्कृतच्या पंडिताची भूमिका त्यांनी केली. २०१३ मध्ये तयार झालेला हा सिनेमा थिएटरात लागायला २०१६ उजाडलं. ते थांबून राहिले नाहीत. सिनेमा घेऊन डॉक्टरांकडे गेले, घरी विस्मरणाचे रुग्ण असलेल्या कुटुंबांकडे गेले, खेळ लावला आणि नंतर लोकांशी बोलत बसले. ‘कासव’ला २०१६ चं सुवर्णकमळ मिळालं. १९ एप्रिल २०२१ ला, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात सुमित्राताई गेल्या आणि त्यांच्या प्रेक्षकांना एकत्र जमून निरोपही देता आला नाही.

या घराण्यातला नंतरचा एक सिनेमा तर अजून आपला प्रेक्षक गोळा करतोच आहे. उमेश कुलकर्णी पुण्याचे, इन्स्टिट्यूटचे. ‘गिरणी’ या लघुपटानं त्यांचं नाव झालं, ‘वळू’नं (२००८) महाराष्ट्राला हसवलं. लोक दुसऱ्या ‘वळू’ची वाट पाहत असताना त्यांनी ‘विहीर’ केला. नचिकेत आणि समीर हे नात्यातले जिवलग पोरगे, सुट्टीत आजोळी भरलेलं घर, लपाछपी, विहिरीत पोहणं आणि मग एकाचं अचानक नाहीसं होणं. पुढे उरलेला मुलगा त्याला शोधत फिरतो. मरणाबद्दलचा प्रश्न इतक्या साधेपणानं विचारणारा सिनेमा मराठीत दुसरा नाही. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांचं लेखन, सुधीर पलसाने यांचा कॅमेरा. आजोळच्या घरातला तो लग्नघाईचा कलकलाट आणि विहिरीच्या पाण्याखालची ती शांतता यांच्यामध्ये सगळा सिनेमा तरंगतो. २०१० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांसाठीच्या विभागात तो दाखवला गेला, मग इथे लागला आणि लवकरच उतरला. मागे अमिताभ बच्चन यांच्या कंपनीचं नाव असूनही.

पण एखाद्या घरात तरुण मृत्यू झाला की महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी जवळचं माणूस सांगतं, तयारी असेल तेव्हा ‘विहीर’ बघा.

असे सिनेमे पाहायला शिकावं लागतं का, हा प्रश्न लोक विचारतात. थोडं लागतं. राग शिकावा लागतो तेवढंच. अरुण खोपकरांनी गुरुदत्तच्या सिनेमांवर ‘गुरु दत्त: तीन अंकी शोकांतिका’ हे मराठी पुस्तक लिहिलं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये सपाट पडलेल्या ‘कागज़ के फूल’मध्ये प्रकाशाचा झोत कसा खाली येतो आणि दोन माणसांमधलं अंतर कसं बोलतं, हे ज्यानं त्यात वाचलं त्याला तो सिनेमा पुन्हा जुन्या डोळ्यांनी पाहता आला नाही. खोपकरही याच इन्स्टिट्यूटचे.

कमल स्वरूप पुढे फाळक्यांच्या मागे लागला. वर्षानुवर्षं, गावोगाव, मुलांना घेऊन कार्यशाळा करत. सिनेमावर रुसून फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे मराठी नाटक लिहिलं. कमल त्या घाटांवर गेला, ते नाटक वाचत फिरला आणि त्यातून ‘रंगभूमी’ (२०१३) हा माहितीपट झाला. त्याला सर्वोत्कृष्ट नॉन-फीचर चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्याला स्वतःला थिएटर मिळालं नाही त्यानं पहिल्या सिनेमावाल्याच्या रुसव्याचा असा शोध घेतला.

‘घाशीराम’ची स्वच्छ झालेली प्रत आज पाहताना नजर पुन्हापुन्हा ओम पुरींच्या चेहऱ्यावर जाते. अपमान गिळणारा कनोजचा परका ब्राह्मण, आणि भोवती न तोडता सरकत जाणारा, गर्दीत शिरणारा कॅमेरा. मग श्रेयनामावली येते. छायाचित्रणाखाली एक सोडून चार नावं आहेत, कारण सहकारी संस्थेत काम वाटून घ्यायचं असतं: बिनोद प्रधान, राजेश जोशी, मनमोहन सिंग, वीरेंद्र सैनी. यातल्या प्रधानांनी सात वर्षांनी ‘जाने भी दो यारों’ टिपला. सैनींनी ‘चश्मेबद्दूर’ केला. मनमोहन सिंगांनी ‘चांदनी’ केला आणि नंतर ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’. मुंबईतल्या मराठा मंदिरात तो पंचवीसहून अधिक वर्षं चालला.